कमी पडलेले दोन मीटर

आमच्या घराच्या स्लॅबला किती काँक्रीट लागेल ते मी काढलं होतं. इंजिनिअरने नव्हे, मेस्त्रींनी नव्हे, मी. त्या दिवसांत भेटेल त्याला मी हे सांगत होते. नंतर दोन वर्षं हेच कुणाला आठवू नये म्हणून जपत राहिले.

आमचं गाव पेडणे तालुक्यात, पार्स्याच्या जवळ. तिथून दहा मिनिटांवरच्या हायस्कुलात मी गणित शिकवते. नवरा वास्कोला बंदरात क्रेनवर आहे. शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटेची बस धरून जातो. जुन्या घरात सासरे, धाकटा दीर, त्याची बायको आणि आम्ही असे सगळे राहायचो. जागा पुरेना, तेव्हा मागच्या भाटात, म्हणजे बागायतीत, काजूची चार झाडं काढून आम्ही वेगळं घर बांधायला घेतलं. नवरा आठवडाभर घरी नसणार, म्हणजे कामावर लक्ष मीच ठेवणार हे उघडच होतं.

नकाशा काढून देणारा इंजिनिअर म्हापशाचा. पहिल्यांदा जागा बघायला आला तेव्हा मी पुढे होऊन काही विचारायला लागले, तर त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "घरात पुरुषमाणूस कोण असतं?" सासरे मागे खुर्चीत बसले होते. पुढचं सगळं तो त्यांच्याशी बोलला. त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, ते नुसते मान हलवत होते, आणि मी चहा आणायला आत गेले. त्या दिवशी मी ठरवलं की या घराचा एकही आकडा मी दुसऱ्याकडून घेणार नाही.

बांधकाम ज्या मेस्त्रींना दिलं ते तेरेखोल नदीपलीकडचे, सातार्ड्याचे. साठीला आलेले, काटक, कमी बोलणारे. रोज सकाळी आठच्या आत स्कूटरवरून यायचे, शर्ट काढून फणसाच्या फांदीला अडकवायचे आणि कामाला लागायचे. मला ते बाई म्हणायचे, शाळेतली मुलं म्हणतात तसंच.

भिंतींना जांभ्याचे चिरे किती लागतील हा पहिला प्रश्न आला. त्यांनी अडीच हजार सांगितले. मी दारं-जनेलं वजा करून हिशेब केला आणि बावीसशे म्हटलं. बावीसशेच आणले. भिंती पुऱ्या झाल्या तेव्हा अंगणात चौदा चिरे उरले होते. मेस्त्रींनी ते स्वतः मोजले आणि सासऱ्यांना हाक मारून सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंचो हिशेब बरोबर. माझो चुकलो." सासरे माझ्याकडे बघून हसले. शाळेत एवढी वर्षं शिकवताना मला असं कुणी शाबासकी दिल्यासारखं हसलं नव्हतं. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं असं आता म्हणायला हवं.

मग स्लॅब आला. काँक्रीट डिचोलीच्या बाजूच्या प्लँटवरून तयार होऊन मिक्सरच्या गाड्यांनी येणार होतं. प्लँटवाल्यांना आधी सांगावं लागतं, इतके मीटर पाठवा. घनमीटरला ते नुसतं मीटर म्हणतात. एकदा सांगितलं की तेवढंच येतं.

स्लॅबचं गणित काय, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी. हे मी नववीला शिकवते. एका संध्याकाळी टेप घेऊन मी प्रत्येक खोलीत गेले. टेपचं एक टोक भिंतीला खिळ्याने अडकवायचं, दुसरं समोरच्या भिंतीला लावायचं, आकडा वहीत लिहायचा. पाच इंच जाडीचं माप धरलं. बीम वेगळे मोजून त्यात मिळवले, आणि बीम आपल्याला आठवले याचंही मला कौतुक वाटलं. उत्तर तेराच्या किंचित वर आलं. वरचा किंचित मी सोडून दिला, सळ्याही थोडी जागा घेतातच म्हणून.

त्याच संध्याकाळी मेस्त्री काम आटोपून घराला बाहेरून एक फेरी मारत होते. चिऱ्यांच्या कडेकडेने, मोजून पावलं टाकत, ओठ हलवत. मी वही घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांची फेरी संपत आली होती. मला त्या पावलांचं हसू आलं.

"मेस्त्री, प्लँटवाल्याला तेरा मीटर सांगते," मी म्हटलं.

ते थांबले. "बाई, तेरा पुरचा नाय. पंधरा सांगा."

"पंधरा कसे काढलेत?"

"काढूक कसले. घराभोवती फिरलंय. पंधरा लागतला. पंपाच्या पायपात पण थोडा रवता."

"फिरून कळतं?"

"इतक्या वर्सांनी कळता, बाई."

सेंट्रिंगच्या फळ्या मारणारे दोघे-तिघे वरून ऐकत होते. ते ऐकत आहेत हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पुढचं विचारलं. "मेस्त्री, तुमची शाळा किती झाली?"

"चौथी."

"मी एमएस्सी आहे. गणितात."

वरचे हसले. मेस्त्रीही थोडं हसले, खाली बघून. फांदीवरचा शर्ट काढून झटकला, अंगात घातला आणि म्हणाले, "मग तेरा तर तेरा."

शनिवारी जाताना मात्र त्यांनी पुन्हा विषय काढला. "एक मीटर तरी चढ सांगा. उरला तर न्हाणीच्या जमिनीत घालूया, फुकट जावचा नाय." मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्यासमोरच प्लँटवाल्याला सांगितलं, "तेरा. तेराच." त्यांनी स्कूटरला किक मारली.

रविवारी सकाळी नारळ फोडला. नवरा होता, सासरे धुतलेलं धोतर नेसून खुर्ची टाकून बसले होते, दीर मोबाइलवर फोटो काढत होता. जाऊ मागच्या चुलीवर वीस माणसांचं जेवण रांधत होती. पहिली गाडी वाडीच्या चिंचोळ्या रस्त्यावर कशीबशी वळली, पंपाचा पाइप घरावर चढला आणि काँक्रीट पडायला लागलं. मेस्त्री वर गुडघाभर बुटांत उभे होते. हातात सळीचा एक तुकडा, त्यावर पाच इंचांची खूण केलेली. दर दोन हातांवर ते सळी रोवून बघायचे, मग पट्टी फिरवणाऱ्याला खूण करायचे. मी खालून बघत होते आणि मनात म्हणत होते, जास्त जाऊ देऊ नका, माझा हिशेब पाच इंचांचा आहे.

साडेअकराच्या सुमाराला दुसरी गाडी रिकामी झाली. पंपवाल्याने पाइप झटकला, शेवटचं घमेलंभर पडलं, आणि घराच्या मागच्या कोपऱ्यात सळ्या उघड्याच राहिल्या. देवाची खोली आणि तिला लागून न्हाणी. एवढा भाग कोरडा.

मी प्लँटवर फोन केला. रविवार होता, ते बारा वाजता बंद करतात, गाड्या धुवायला लावल्या होत्या. उद्या सकाळी पहिली गाडी पाठवू म्हणाले.

सासरे खुर्चीतून उठून आले. मान वर करून त्यांनी तो कोपरा बघितला. "नेमकी देवाची खोलीच उगडी रवली?" मग सगळ्यांवरून नजर फिरवली. "कमी कसा पडला? हिशेब कोणाचो होतो?"

हिशेब कोणाचा होता हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण आठवडाभर मीच ते सांगत फिरले होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. दीर मोबाइल खाली घेऊन बघत होता. मला इंजिनिअरचा चेहरा आठवला, घरात पुरुषमाणूस कोण असतं विचारतानाचा.

"हिशेब बरोबर आहे बाबा," मी म्हटलं. "मी दोनदा तपासलाय. पाच इंचांचा हिशेब होता, वर जाडी जास्त मारली गेली असेल."

माझा आवाज वर्गात असतो तसा, ठाम होता. मी वर बघितलं नाही, पण वरचं खोरं थांबल्याचं ऐकू आलं. मेस्त्री कडेला आले. सळी त्यांच्या हातातच होती. ती रोवून दाखवली असती तर तिथल्या तिथे सगळं उलटलं असतं. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग सासऱ्यांना म्हणाले, "आसात. माझो हात जड पडलो आसात."

"जड हात?" दीर हसला. "आमच्या घराक असो जड हात नको हां, मेस्त्री." त्यानेही पुढल्या वर्षी घर काढायचं ठरवलं होतं आणि काम याच मेस्त्रींना देतो असं बोलून ठेवलं होतं. सगळे हसले. मीही हसले.

मेस्त्री पुन्हा कामाला लागले. सांधा बीमवर येऊ नये म्हणून त्यांनी काँक्रीट खोलीच्या तिसऱ्या हिश्शात आणून थांबवलं, सळ्यांच्या मधून फळ्या उभ्या मारल्या, कड सरळ कापून घेतली. उघड्या सळ्यांवर उडालेलं काँक्रीट एकेक करून पुसून काढलं. बाकीचे जेवायला बसले तरी ते वरच होते, कडेला ओली गोणपाटं घालत.

दुपारी चारच्या सुमाराला मी शिडी चढून वर गेले. पर्समधली स्टीलची पट्टी घेतली होती. माझा हेतू अगदी साधा होता. जाडी मोजायची, ती सहा इंच निघणार, आणि मग मी बोलले ते खरं ठरणार. फळीला थोडी फट होती तिथून मी पट्टी घातली. बरोबर पाच इंच. दोन हात सरकून पुन्हा घातली. पाच. तिसऱ्या ठिकाणी पाचाला एक सूत कमीच.

मी तिथेच शिडीला धरून उभी राहिले. समोर कोरडा कोपरा होता. न्हाणीवरच्या सळ्या आतल्या बाजूने येऊन भिंतीवरून पुढे गेल्या होत्या, पार बाहेरच्या कडेपर्यंत, जिथे बाहेरून फळी मारली होती. मी ते बघत राहिले. स्लॅब भिंतीपाशी थांबत नाही. तो भिंतीवर बसतो. मी खोल्या आतून मोजल्या होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घराच्या चारी बाजूंना भिंतीच्या जाडीचे नऊ इंच, आणि आतल्या प्रत्येक भिंतीवर नऊ इंच, एवढा स्लॅब माझ्या वहीत नव्हताच. मेस्त्री घराला बाहेरून फिरले होते.

शिडीच्या पायरीवर बसून मोबाइलवर मी गुणाकार केला. पावणेदोन मीटर. पाइपातलं धरून दोन. तेरा आणि दोन.

मेस्त्री पलीकडे गोणपाटांवर पाणी मारत होते. त्यांनी एकदा माझ्या हातातल्या पट्टीकडे बघितलं. मी खाली उतरले.

खाली चहा चालला होता. नवरा, सासरे, दीर, सगळे एका बाकावर. दोन वाक्यांचं काम होतं. चूक माझी झाली, मेस्त्रींनी पंधरा सांगितले होते. ती दोन वाक्यं तोंडात घेऊन मी कपबशा गोळा केल्या. नवरा जाईल तेव्हा सांगू, मग उद्या गाडी आल्यावर सांगू, मग उरलेला स्लॅब नीट भरल्यावर सांगू. सोमवारी रजा टाकून मी उभी राहिले. गाडी आली. मेस्त्रींनी जुनी कड तारेच्या ब्रशने घासली, सिमेंटचं घट्ट पाणी ओतलं, उरलेलं भरलं. सासरे शेतावर गेले होते, नवरा वास्कोला. आता कोण ऐकायला आहे, असं मी स्वतःला सांगितलं. "झाला, बाई," मेस्त्री खाली येऊन म्हणाले आणि जरा जास्तच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, "बरं झालं."

गिलाव्याचं काम दुसऱ्याला द्यावं असं सासऱ्यांचं मत पडलं. नवऱ्याने फोनवर मला विचारलं. "तुम्ही ठरवा," मी म्हटलं. जी बाई एकही आकडा दुसऱ्याच्या तोंडून घेत नव्हती ती त्या एका गोष्टीत एकदम आज्ञाधारक झाली. स्लॅबवर पाणी साठवायचे दिवस संपले तसे मेस्त्री हत्यारं बांधून गेले.

दीर गोष्टी रंगवून सांगणारा माणूस आहे. त्यात वाईट हेतू नसतो. देवळात, न्हाव्याकडे, शिमग्याच्या तालमीत, सगळीकडे त्याने सांगितलं की आमच्या वहिनीने कसा सुतासारखा हिशेब काढला होता आणि मेस्त्रीचा हात कसा जड पडला. ऐकणाऱ्यांना ते शब्द आवडले. महिन्याभरात मेस्त्रींना आमच्या बाजूला जडहात म्हणायला लागले. ते स्वतःहून बोललेलं वाक्य होतं, माझ्यासाठी बोललेलं, आणि तेच त्यांना चिकटलं.

एकदा पेडण्याच्या बाजारात मी बिजागऱ्या घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. कोरगावचा एक माणूस दुकानदाराला विचारत होता, सातार्ड्याचे अमुक मेस्त्री कसे आहेत, घर बांधायचं आहे. दुकानदार म्हणाला, "जडहात? काम चांगलं, पण काँक्रीट खातो. दुसरा बघ." मी दोन हातांवर उभी होते. माझ्या हातात बिजागऱ्यांचा पुडा होता. दुकानदाराला माझ्या घराची गोष्ट माहीत होती, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू साक्ष काढली. मी मान हलवली नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. पुडा घेऊन बाहेर पडले आणि स्कूटर सुरू केली.

यानंतर तरी मी सांगितलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही सांगितलं. सांगायला उशीर होतो तसं सांगणं अवघड होत जातं. पहिल्या दिवशी नुसती चूक होती. आता चूक, तिच्यावर खोटं, आणि खोट्यावर एवढे महिने.

दुसऱ्या वर्षी दिराने घर काढलं. काम दुसऱ्या ठेकेदाराला दिलं. स्लॅबची वेळ आली तेव्हा तो वही घेऊन माझ्याकडे आला. "वयनी, काँक्रीट तूच काढ. तुझा हिशेब चुकत नाय. तेव्हा त्या जडहाताने घोटाळा केला म्हणून, नायतर आपलं बरोबर बसलं असतं."

मी नाही म्हणू शकले असते. मी टेप घेतली. या वेळी घर बाहेरून मोजलं, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, पाइपातलं धरलं, आणि आकडा सांगितला. स्लॅब भरला. शेवटच्या गाडीतलं काँक्रीट शेवटच्या कोपऱ्यात बरोबर पुरलं, दोन-तीन घमेली उरली. दिराने लोकांसमोर माझा हात वर धरला. "बघा. तेव्हाही हिचाच हिशेब बरोबर होता." सासरे हसले, चिऱ्यांच्या वेळी हसले होते तसेच. टाळ्या वाजल्या. मेस्त्रींवर बसायचा राहिलेला शिक्का त्या दिवशी माझ्या हाताने बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे अंगणात सुपावर कोकमाची सोलं वाळत घालत होते. मी समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. आतून मोजलेल्या खोल्या, पंधरा, चौथी आणि एमएस्सी, पट्टी, सगळं. ते सोलं पसरत राहिले.

"म्हणजे त्याने आधी पंधरा सांगितले होते?"

"हो."

"आणि हात जड पडलो म्हणालो तो?"

"हो."

त्यांनी सूप उन्हात सरकवलं. मग म्हणाले, "माका कित्याक सांगतंस गो? तेका सांग."

मेस्त्री तेव्हा मोरजीला होते. त्यांच्या घरी फोन केला तेव्हा मुलीने सांगितलं. समुद्रावर कासवांच्या अंड्यांसाठी दोऱ्या बांधलेला जो भाग आहे, त्याच्या मागच्या रस्त्यावर एका हॉटेलच्या कुंपणाचं काम चाललं होतं. मी शाळेतून परस्पर गेले. ते दुसऱ्याच्या हाताखाली होते. तिशीचा एक ठेकेदार गॉगल लावून फोनवर बोलत होता आणि मेस्त्री खाली बसून चिऱ्यांच्या फटी भरत होते. मला बघून उठायला लागले तर गुडघ्यावर हात ठेवावा लागला.

चिऱ्यांच्या एका थप्पीवर आम्ही बसलो. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती काही आठवली नाहीत. "मेस्त्री, त्या दिवशी चूक माझी होती," एवढंच म्हटलं. "जाडी पाचच होती. मी मोजली."

"म्हायत आसा," ते म्हणाले. "तुमी पट्टी लावन बगलास, मी वरसून बगत होतंय."

मी मांडीवरच्या पर्सची चेन लावली.

"माका वाटला, आता खाली जावन सांगतली. नाय सांगलास. म्हटला, उद्या गाडी येतली तेव्हा सांगतली. गाडी येवन गेली. तरी थोडो उबो रवलंय." हे सगळं ते रागाने बोलत नव्हते. बोटांवरचं सुकलेलं सिमेंट नखाने काढत बोलत होते. "सासऱ्यांच्या म्होरे, घोवाच्या म्होरे तुमची मान खाली जाव नये, म्हणान तेवढ्यापुरता अंगावर घेतलंय, बाई. तेवढ्यापुरता. जल्मभर घेवक नव्हता."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडायलाही मला लाज वाटली, कारण मग त्यांनाच माझी समजूत काढावी लागली असती.

"आता मी काय करू?" मी विचारलं.

"माका काय इचारतास? शिकलेली तुमी." मग म्हणाले, "मी सांगलंय तर लोक म्हणतले, आपली बाजू राखता. तुमी सांगलास तर ऐकतले."

ठेकेदाराने तिकडून हाक मारली. त्यांनी थापी उचलली. क्षमा केली वगैरे काही ते बोलले नाहीत, आणि मीही ती मागितली नव्हती. फक्त चूक झाली म्हटलं होतं. हे मला परतीच्या वाटेवर, शापोरा नदीच्या काठाने येताना लक्षात आलं. परत वळले नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मी दिराला आणि नवऱ्याला एकत्र बसवून सांगितलं. दीर आधी हसला. त्याला वाटलं मी मेस्त्रींची कीव येऊन काहीतरी बोलतेय. मी जुनी वही पुढे ठेवली, खोल्यांची आतली मापं दाखवली. मग त्याने वही मिटली. "वयनी, मग माझं घर काढलं तेव्हा तरी बोलायचं होतंस," एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोने पानं उचलली. नवरा सोमवारी पहाटे जाताना बॅग खांद्याला लावून म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस. मी कोण होतो, तो म्हापशाचा इंजिनिअर?" पुढचे दोन शनिवार तो आला नाही, ओव्हरटाइम आहे म्हणाला. असेलही.

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी दुकानदाराला सांगितलं. तो भला माणूस, त्याने स्टूल दिलं. "जाऊ द्या बाई, कोण लक्षात ठेवतो आता," म्हणाला, आणि लगेच पुढच्या वाक्यात, "जडहात बरा आहे ना पण?" त्याला ते नाव वाटत होतं, दोष नव्हे. दोष पुसून नाव उरलं होतं. नावाचं मी काही करू शकले नाही.

शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीचं सासर डिचोली तालुक्यात, पाळीला. तिचा नवरा खाणीवर टिपर चालवतो. त्यांना घर वाढवायचं होतं. मी तिला सगळी हकिकत सांगितली आणि मेस्त्रींचं नाव सुचवलं. लाल धुळीचा तो रस्ता त्यांना सातार्ड्याहून लांब पडत होता, तरी त्यांनी काम घेतलं. स्लॅबच्या आधी मैत्रीण मला म्हणाली, तू एकदा हिशेब बघून दे. मी म्हटलं, ते सांगतील तेवढं मागव. स्लॅबच्या दिवशी मी गेले नाही. संध्याकाळी तिचा फोन आला की नीट झालं. मी किती उरलं ते विचारलं नाही.

आमच्या गावात आता मेस्त्रींना काम मिळेल, दिराने स्वतः दोघांना त्यांचं नाव सांगितलं. पण ते येत नाहीत. फोन केला तर आदराने बोलतात, मुलीचं, गुडघ्याचं सांगतात. कामाचं काढलं की म्हणतात, बगतंय, बाई.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक नवीन शिक्षिका आली, पार्स्याचीच. स्टाफरूममध्ये तिच्या घराच्या कामाचं बोलणं चाललं होतं, तेव्हा ती हसत म्हणाली, आमच्याकडे एक जडहात म्हणून मेस्त्री होता म्हणे. मी हातातला खडू ठेवला आणि तिला तो हात कुणाचा होता ते सांगायला लागले. सगळे ऐकत होते. अर्ध्यावर ती कानकोंडी झाली, वह्यांचा गठ्ठा उचलून उभी राहिली. मी तिला म्हटलं, थोडं राहिलंय, ऐकून जा. ती वह्या छातीशी धरून ऐकत राहिली.